नात्याचा रकाना

अल मजाज, शारजा
९ सप्टेंबर २०२५

प्रिय आक्का,

नमस्कार. पत्र बघून तुला नवल वाटेल. फोन तू उचलत नाहीस, मेसेज उघडत नाहीस. कागद आला तर पोस्टमनसमोर तरी हातात घेशील, म्हणून लिहायला बसले.

इथे सगळे ठीक. ह्यांची साखर गोळ्यांवर आहे. माझे गुडघे तुझ्यासारखेच झाले, फरक इतकाच की मी लिफ्टने उतरते. आमची इशिता अल ऐनच्या हॉस्पिटलात नोकरीला आहे. शनिवारी लेकाला, रेयांशला, घेऊन येते. तो आठ वर्षांचा झाला. मी मराठीत विचारते, तो इंग्रजीत उत्तर देतो. दोघांचंही काही अडत नाही.

उन्हाळा अजून उतरलेला नाही. खिडकीतून खालिद लगून दिसतं. पाणी भरपूर आहे, पण त्याला वास नाही.

किचनचं काम वाढलं आहे. दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी सुरू झाल्या. सतीश आचारी सुट्टीवर गेलेला परत आला, नाहीतर मीच कढईपुढे उभी राहिले असते.

एक बातमी. मला मानपत्र मिळालं. एफुआ मेन्सा नावाची घानाची बाई आहे, माझ्याच वयाची. बावीस वर्षांपूर्वी दुबईच्या देरा बाजारात केसांच्या सामानाचा एवढासा गाळा घेऊन बसली, आज तिची कार्गो कंपनी आहे. आफ्रिकेतून आलेली काळी माणसं इथे धंदा काढायला गेली की त्यांना जागा मिळत नाही. मिळाली तर भाडं जास्त. बँकेत खातं उघडायला तीन-तीन महिने. दुकानदार माल न चाखता परत पाठवतो. एफुआ यावर भाषण करत नाही. तिने धंद्यात बस्तान बसलेल्या सातजणी गोळा केल्या आणि जिच्याकडे जे आहे ते तिने या नवख्यांना द्यायचं असं ठरवलं. एकीच्या व्हॅन आहेत, ती फेरीत यांच्या खोक्यांना जागा देते. एक इथलीच अरब बाई आहे, ती सरकारी कचेरीत सोबत जाते. नुसती शेजारी बसते आणि काम होतं. माझ्याकडे किचन. इथे परवान्याच्या किचनचा पत्ता नसेल तर साधं लोणचंही दुकानात ठेवता येत नाही.

वर्षभरात अकरा धंदे उभे राहिले. त्याचं ते मानपत्र. फोटोत मी डावीकडून तिसरी आहे.

माझ्या वाट्याला डोरिस आली होती. तीसेक वर्षांची आहे, तीही घानाची. सुक्या मासळीची चटणी करून विकते. किचनची मागची खोली तिला द्यायची होती. तिला ती सोयीची पडली नाही. राहून गेलं.

तू अजून आचऱ्याच्या बाजारातच बसतेस ना? जवळा यंदा कसा आहे? सहज विचारते.

उत्तर नाही दिलंस तरी चालेल असं लिहिणार होते. पण चालणार नाही.

कुमुद

*

शारजा
३ ऑक्टोबर २०२५

प्रिय आक्का,

तुझं उत्तर नाही. टपाल वेळेवर पोचत नाही, असं मी धरून चालते.

खोली डोरिसला सोयीची पडली नाही हे खोटं. मी तिला नाही म्हटलं.

जूनमधली गोष्ट. ती खोली बघायला आली. पावलांनी मोजून म्हणाली, "आंटी, इथे शेगडी, इथे बरण्या. आणि इथे खुर्ची, तुम्ही बघायला आलात की बसायला." एक बरणी घेऊन आली होती. काउंटरवर ठेवून तिने झाकण उघडलं. नेमक्या त्याच वेळी इथल्या मराठी मंडळाच्या प्रधानबाई आल्या, भाजणी न्यायला.

"अगंबाई, कुमुदताई, वास कसला हा? तुमच्याकडचं म्हणून आम्ही डोळे मिटून नैवेद्याला ठेवतो हो."

मी झाकण लावलं आणि बरणी काउंटरखाली सारली. डोरिसने बघितलं. जाताना म्हणाली, "थँक यू, आंटी."

त्याच दिवशी मी एफुआला कळवलं की माझं किचन शुद्ध शाकाहारी आहे, आमच्या धर्मात मासळी चालत नाही. मागच्या खोलीला वेगळं दार आहे, वेगळी शेगडी आहे, मधे पक्की भिंत आहे. एफुआने ते सगळं पाहिलेलं होतं. तिने एकही प्रश्न विचारला नाही. लगेच फोन करून म्हणाली, "चूक माझी आहे, कुमुद. मी आधी विचारायला हवं होतं. माफ कर." पुढच्या बैठकीत तिने सगळ्यांना सांगितलं, कुणाच्याही श्रद्धेवर आपला भार पडता कामा नये, कुमुदकडे बघा, ती आपला धर्म सांभाळून आपल्यासोबत उभी आहे. टाळ्या झाल्या. मानपत्र त्याच बैठकीत दिलं.

आपला धर्म, आक्का. सोमवार आणि संकष्टी सोडली तर मासळीशिवाय आपली चूल पेटल्याचं मला आठवत नाही.

बरणी मी घरी आणली. टाकायची म्हणून आणली, पण टाकवली नाही. आठ दिवसांनी उघडली. जवळा, मिरची, कांदा, आलं, तेलात काळं होईपर्यंत परतलेलं. आई खोबरं घालायची, ही घालत नाही. बाकी तेच. मी ओट्याशी उभ्याने भात कालवून खाल्ला. हे आत आले. त्यांना वास आला. ताट घेऊन बसले. आम्ही दोघांनी मिळून पातेलं संपवलं.

किचनवरचा 'शुद्ध शाकाहारी'चा बोर्ड लावायला मला कुणी सांगितलं नव्हतं. मीच लावला, नऊ वर्षांपूर्वी. फराळ घेणाऱ्या बायका आडनाव विचारायच्या, मग गाव विचारायच्या, मग थोडं थांबायच्या. त्या थांबण्याला मी कंटाळले होते. बोर्ड लागला आणि विचारणं बंद झालं.

आता तो दिवस लिहायला हवा. तुला माहीत आहे. तरी माझ्या हाताने लिहायला हवा.

किचनच्या उद्घाटनाला तू आलीस. पहिल्यांदा विमानात बसलीस. आईची जांभळी साडी नेसली होतीस आणि पिशवीत माझ्यासाठी दोन किलो जवळा, एकेक दाणा निवडलेला. दारातून हाक मारलीस, "कुमे!" सगळ्यांनी वळून बघितलं. मी पिशवी तुझ्या हातातून घेतली आणि ह्यांना म्हटलं, गाडीच्या डिकीत ठेवा. प्रधानबाईंनी विचारलं, या कोण? मी म्हटलं, आमच्या गावाकडच्या, ओळखीच्या.

तू हसून त्यांना नमस्कार केलास. तीन दिवस राहिलीस, भांडी घासलीस, इशिताच्या केसांना तेल लावलंस. विमानतळावर म्हणालीस, "ओळखीच्या माणसाक सोडूक इतक्या लांब कित्याक इलस?" त्यानंतर आजपर्यंत काही बोलली नाहीस.

हे आज का लिहिते ते सांगते.

एका मोठ्या दुकानसाखळीने डोरिसची चटणी घ्यायचं कबूल केलं आहे. चाळीस दुकानं. बरणी बत्तीस दिरहमला, म्हणजे साडेसातशे रुपये. तू हसशील. अट एकच, सोमवारपर्यंत परवान्याच्या किचनचा पत्ता द्यायचा. एफुआने शेजारच्या अजमानला एक किचन मिळवून दिलं होतं, ते मालकाने विकलं. काल तिचा सगळ्यांना निरोप आला, कुणाकडे जागा आहे का. तिघींनी उत्तरं दिली, इकडे विचारते, तिकडे विचारते. मला कुणी विचारलं नाही. माझा धर्म सगळ्यांना माहीत आहे.

सोमवार चुकला तर ती साखळी पुढच्या वर्षीपर्यंत दार उघडणार नाही. डोरिसचा व्हिसा डिसेंबरपर्यंतच आहे. धंद्याचा परवाना झाला तर ती इथे राहील, नाहीतर परत जाईल.

मी ना-हरकत पत्र टाईप करून आणलं. इथे त्याला एनओसी म्हणतात, त्याच्याशिवाय इथे पान हलत नाही. टेबलावर ठेवलं तसं ह्यांनी वाचलं.

"आणि बोर्ड?"

"उतरवावा लागेल."

"मंडळाची दिवाळी जाईल, कुमुद. प्रधानबाई एकट्या जाणार नाहीत, वीस घरं घेऊन जातील."

"हो."

"मग आपण इतकी वर्षं हे सगळं—" ते उठून चहा करायला गेले. त्यांचे वडील देवगडला होडीवर होते, हे इथे कुणालाच माहीत नाही. इशितालासुद्धा आजोबांचा 'बोटींचा बिझनेस' होता एवढंच ठाऊक आहे.

सही अजून केलेली नाही. आधी तुला लिहायचं होतं. मी फार दमले आहे, आक्का. कामाने नाही.

कुमुद

*

शारजा
१४ नोव्हेंबर २०२५

प्रिय आक्का,

परवा तुझ्या नंबरावरून फोन आला आणि उचलायच्या आत बंद झाला. चुकून लागला असेल. मी परत केला, तू घेतला नाहीस.

सही केली. सोमवारी सकाळीच एफुआच्या ऑफिसात जाऊन पत्र तिच्यापुढे ठेवलं आणि सगळं सांगितलं. आई काय विकायची, तू काय विकतेस, मी काय सांगितलं. ती बराच वेळ पेनाचं टोपण काढत-लावत राहिली. मग म्हणाली, "मला नाही म्हणणारे खूप भेटले, कुमुद. त्यांच्याशी कसं बोलायचं ते मला येतं. देवाला पुढे करून नाही म्हणणाऱ्याशी कसं बोलायचं ते येत नाही. तिथे मी गप्प बसते. तू मला गप्प बसवलंस."

मी म्हटलं, हो.

"शिक्का आणलायस का? नुसत्या सहीवर चालत नाही."

शिक्का पर्समध्ये होता. मारला. तिने पत्र घेतलं आणि मला चहा विचारला नाही.

मी मानपत्र परत द्यायचं म्हटलं, तर म्हणाली, ठेव घरी, रोज बघ.

बोर्ड उतरवला. भिंतीवर चौकोन राहिला आहे, रंग द्यायचा आहे. मंडळाची ऑर्डर गेली. वीस नाही, सव्वीस घरं गेली. सतीशने सहा पेट्या बेसन परत पाठवलं. प्रधानबाई राहिलेले डबे द्यायला आल्या तेव्हा दारातच उभ्या राहिल्या.

"तुमच्याकडे मच्छीचा वास येतो म्हणे आता."

आई म्हणायची, "चोरूक लाज वाटाक व्हयी, इकूक कसली?" हे त्यांना ऐकवावं असं फार मनात आलं. पण तेवढं बळ नव्हतं. मी म्हटलं, "येतो. मागच्या खोलीत. चाखणार का?" त्या गेल्या.

डोरिस सकाळी सहाला येते, दोन बायका घेऊन. काम स्वच्छ आहे. मला मॅडम म्हणते. खुर्ची ठेवायची होती तिथे तिने खोक्यांची चळत लावली आहे. साखळीने चाळीसऐवजी बारा दुकानांपासून सुरुवात केली. परवाना झाला. व्हिसाचा अर्ज आत आहे.

मागच्या पत्रात सगळं लिहिलं असं मला वाटलं होतं. एक राहिलं. नुसती मासळी नव्हती, आक्का. एखादी मराठी मुलगी बोंबील घेऊन आली असती तर मी काहीतरी वाट काढली असती. वास येऊ नये म्हणून पंखा बसवला असता. गिऱ्हाईक येतं त्या दारात मला डोरिस नको होती. बरणी उघडायच्या आधीच मी तिला सांगून ठेवलं होतं, येताना मागच्या दाराने येत जा. आईला टोपली घेऊन ब्राह्मणआळीत कुठल्या दाराने बोलवायचे ते तुझ्याइतकंच मला आठवतं. तरी ते वाक्य माझ्या तोंडून सहज आलं. जड गेलं नाही, हेच सांगायचं होतं. आता ती पुढच्या दाराने येते. मी सांगितलं म्हणून नाही. परवान्यावर पत्ता पुढच्या दाराचा आहे.

आता कामाचं. तिला मिळणाऱ्या जवळ्यात वाळू असते. दोन वेळा माल फेकला. मी म्हटलं, वाळू निवडल्याशिवाय न विकणारी एक बाई मला माहीत आहे. तिने पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघून विचारलं, "कोण?"

साखळीचा फॉर्म आहे, जागेच्या मालकाने भरायचा. त्यात एक रकाना आहे, जागेच्या मालकाचं पुरवठादाराशी काही नातं असल्यास लिहावं. जवळ्याची पुरवठादार म्हणून तुझं नाव लिहिलं: शेवंती कोयंडे, आचरा, जिल्हा सिंधुदुर्ग. पुढच्या रकान्यात पेन आपोआप चाललं. 'गावाकडची' इथपर्यंत लिहून झालं होतं.

फॉर्ममध्ये खाडाखोड चालत नाही. दुसरा मागवला. डोरिस समोर उभी होती, तिने तो माझ्यापुढे सरकवला आणि लिहून होईपर्यंत तिथेच थांबली. मी लिहिलं, सख्खी मोठी बहीण. तिने वाचलं. "ओके," म्हणाली आणि शेगडीकडे गेली.

निर्यातीचे कागद मी बघेन, तुला फक्त सह्या करायच्या. तुला माल द्यायचा नसेल तर देऊ नकोस. आम्ही दुसरीकडून घेऊ, वाळू निवडत बसू. तसं झालं तर फॉर्ममधून तुझं नाव काढावं लागेल, म्हणून त्या पानाची प्रत सोबत पाठवते आहे. ही तुझ्याकडे राहू दे. वाचून फाडलीस तरी तिथे काय लिहिलं होतं ते तुला माहीत असेल.

तुझी,
कुमी