चौथ्या तुकड्यातली घंटा

२ मार्च २००६

ड्वेन हॅचर उद्या मेला तरी मी फुलं पाठवणार नाही. आज पुन्हा इंटरनेटवरच्या आमच्या फोरमवर अक्कल पाजळली — ‘खारी विहीर’चं संगीत कधीच बाजारात येणार नाही, तुम्ही स्वप्नं बघत बसा! स्वतःकडे आहे ना, मग काय.

दोन रात्रींची ती भुताची मालिका १९८३च्या ऑक्टोबरात टीव्हीवर लागली आणि अख्खा देश ती विसरून गेला. आम्ही मोजके वेडे विसरलो नाही. तिचा संगीतकार लायनेल ऑर्मंड, त्याच्या स्टुडिओतली टेप कशी कोण जाणे या ड्वेनच्या हाती लागली, तेव्हापासून तो धनावरच्या नागासारखा तिच्यावर बसलाय. मला एक कॅसेट करून दिली, पण त्याआधी आईची शपथ घ्यायला लावली, की कुणालाही नक्कल देणार नाही. मी मूर्खासारखी पाळली. बाकी कुणी पाळली असेल असं वाटत नाही.

५ मार्च

कर्टिसचा फोन! बर्बँकला टायरच्या दुकानामागे त्याची छोटीशी रेकॉर्ड कंपनी आहे. लायनेलच्या मागे राहिलेल्या ऑर्मंडबाईंनी गॅरेजमधल्या मूळ टेपा त्याला दिल्यात. सीडी येणार! छापण्याआधी मी एकदा ऐकावं म्हणतो, कारण हे संगीत माझ्याइतकं कुणी झिजवलेलं नाही.

त्या आनंदात दवाखान्यात, काउंटरवर बसल्या बसल्या, एका दातदुखीवाल्याला भलत्याच दिवशीची वेळ दिली. तो सहन करील.

ड्वेनला कळलं की जळून कोळसा होईल.

९ मार्च

घंटा नाही.

नीट लिहिते. कर्टिसच्या खोलीत बसले होते. पहिले तीन तुकडे इतके स्वच्छ, की मला रडू आलं. मग चौथा — मालिकेतली एलायझा शिडीवरून विहिरीत उतरते तो. चेलो खाली खाली जातात आणि थांबतात. आता घंटा वाजणार. एकच टोला, बारीक, तळातून आल्यासारखा. वाजलीच नाही! नुसती शांतता आणि मग व्हायोलिनं.

“घंटा कुठाय?” मी विचारलं.

“कुठली घंटा?” म्हणे. दुसरं ध्वनिमुद्रणच नाही, या तुकड्याचं एवढं एकच आहे, असं सांगू लागला. ही मालिका लागली तेव्हा हा दुपट्यात होता आणि हा मला शिकवणार!

मालिका लागली त्या रात्री मी होते टीव्हीसमोर. सोफ्यावर मी आणि जोन, दोघींत एक पांघरूण, करपलेल्या पॉपकॉर्नचा वास. घंटा वाजली आणि जोनने माझा दंड असा धरला, की नखं उमटली. पडद्यावर तेव्हा भुताचं नावही नव्हतं, शिडी आणि अंधार एवढंच. मग घंटेशिवाय ती दचकेल कशाला? नाताळात आजार कळला, वसंतात ती गेली. कपडे आईने वाटून टाकले. माझ्या वाट्याला बहिणीची ही एक घंटा आलीय. तीही हे लोक गाळून विकणार असतील तर मी विकू देणार नाही.

१२ मार्च

फोरमवर लिहून टाकलं: सीडीतला चौथा तुकडा खोटा आहे, घेऊ नका.

एकेक जण उगवला. आमच्या कॅसेटमध्ये घंटा नाही म्हणे! नसणारच. यांच्या कॅसेटी म्हणजे चोराच्या चोरीची चोरी, अर्धं संगीत वाटेतच गळालेलं. एक शहाणा म्हणाला, मालिकाच लावून बघा. बघितली. नेमकं तिथे वाऱ्याचं घोंघावणं इतकं चढवलंय, की खाली बँड वाजला तरी ऐकू येणार नाही. घंटा त्याखाली आहे. मला माहीत आहे.

ड्वेन गप्प आहे. हा माणूस गप्प बसू शकतो हे मला माहीत नव्हतं.

१५ मार्च

लोकांनी सीडीच्या मागण्या रद्द करायला सुरुवात केली. कर्टिस म्हणतो, असंच चाललं तर सीडी निघणारच नाही, बाई, तुमचं लिहिलेलं मागे घ्या. नाही घेत.

संध्याकाळी ऑर्मंडबाईंचा फोन. म्हणाल्या, “मिस प्रुइट, लायनेलला घंटेचा आवाज सहन होत नसे. आमच्या दाराला घंटीसुद्धा नव्हती.” मी म्हटलं, बायकांना नवऱ्याचं सगळंच ठाऊक असतं असं नाही. म्हटलं मी असं! ऐंशीच्या बाईला! त्यांनी हळूच फोन ठेवला. जेवण गेलं नाही. फोनही उलटून केला नाही.

१८ मार्च

ड्वेन दवाखान्यात आला. थेट फ्रेझ्नोहून गाडी हाकत. टोपीसुद्धा न काढता माझ्या काउंटरसमोर उभा राहिला.

“व्हर्ना, ती घंटा माझी आहे.”

म्हणे, प्रत्येकाच्या कॅसेटमध्ये त्याने एकेक खूण घालून ठेवली होती. कुणाच्यात खोकला, कुणाच्यात पेल्यावर चमचा. नक्कल बाहेर फुटली तर कुणी फोडली ते कळावं म्हणून. माझ्यात घंटा.

मी त्याला खोटारडा म्हटलं. त्याहून वाईटही बरंच म्हटलं. तपासणीला आलेल्या म्हाताऱ्या बाग्दासारियननी मासिक खाली केलं. ड्वेनने मला पुरतं बोलू दिलं. मग खिशातून एक पांढरा टायमर काढला, केक ओव्हनमध्ये ठेवताना लावतात तसला, आणि पिळून काउंटरवर ठेवला.

“आईच्या स्वयंपाकघरातला आहे.”

टिकटिक करत राहिला आणि वाजला. एक टोला. बारीक.

तीच.

“इतक्या वर्षांत सगळ्यांच्या खुणा कुठे ना कुठे माझ्या कानावर आल्या,” तो म्हणाला. “तुझी घंटा कधीच नाही आली. म्हणून सांगायला आलो. दुसरं कुणी असतं तर गंमत बघत बसलो असतो.”

मी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. टायमर तिथेच ठेवून गेला, गाढव.

१९ मार्च

फोरमवर लिहिलं: चूक माझी, सीडी बरोबर आहे. कारण दिलं नाही. ऑर्मंडबाईंना फोन केला, त्या चांगलं बोलल्या, त्याने आणखी वाईट वाटलं.

ड्वेनने खाली लिहिलंय, “मी आधीपासून हेच सांगत होतो.” कधी सांगत होता? नागच तो!

२ जून

सीडी आली. सकाळीच ऐकली. चौथ्या तुकड्यात चेलो खाली खाली जातात, थांबतात. मग काही नाही. काहीच नाही.

मग जोनने माझा दंड का धरला होता?

आजार नाताळात कळला — आम्हाला. तिला कधी?