फांगच्या कमरेला माझा फोन

९ मे

पाय मोडला. मंडईच्या ओल्या पायरीवर. प्लास्टर, सहा आठवडे. लानशिनला कळवायचं नाही! पोरगी हांगझोऊच्या दवाखान्यात नर्स, नोकरी अजून कच्ची. आईसाठी रजा मागत बसली तर कोण पक्की करणार?

१० मे

एक घोळ आहे. हा मेला फोन पावलं मोजतो, आणि कोण किती चाललं याची यादी ओळखीच्या सगळ्यांना दिसते. लानशिन बोलत नाही फार, पण रोज माझ्या आकड्यापुढे बदाम दाबते. आज एकवीस पावलं. लगेच निरोप — "आई, बरी आहेस ना?" म्हटलं, फोन घरी विसरले.

११ मे

शेजारची फांग रोज चौकात बायकांबरोबर नाचते. फोन तिच्या कमरेला बांधला. "मला काय मिळणार?" म्हणाली. म्हटलं, बरणीभर लोणचं. आणि तोंड बंद ठेव.

सहा हजार. बदाम आला.

१४ मे

लानशिनची रोज सोळा हजार. या खाटेवरून त्या खाटेवर. जेवते कधी कुणास ठाऊक.

१७ मे

फांगला अक्कल नाही! स्पर्धा जवळ आली म्हणून सकाळपासून नाचली. तेवीस हजार! यादीत मी पहिली, माझा फोटो सगळ्यांच्या फोनवर. नणंद विचारते, "वहिनी, पाय आहेत की चाकं?" मी इथे विणायच्या सुईने प्लास्टरच्या आत खाजवतेय.

१८ मे

फांगने नाचाचा व्हिडिओ टाकला. अख्ख्या गावाने पाहिला. लानशिनचा फोन — "फांगकाकूंच्या कमरेला दोन फोन कशाला? लाल कव्हरचा तुझा आहे, मीच दिलेला."

खोटं सुचेना. सांगून टाकलं.

"येते मी."

"काही नको! नोकरी—"

ठेवलासुद्धा.

२० मे

आली. केवढी बॅग! म्हणे चार दिवसांची रजा, त्याला एवढी? आल्या आल्या झाडलं मला — "पोटच्या पोरीशी खोटं बोलतं का कुणी?" मग तिखट शेवया केल्या तिने. मीठ कमी.

२१ मे

ती अंघोळीला गेली. चार्जरसाठी तिची बॅग उघडली. आत तळहाताएवढा पाळणा, फोन अडकवायचा. मोबाइलच्या दुकानात पाहिलेत असले. बटण दाबलं — टक्, टक्, डुलायला लागला. बसल्या जागी पावलं.

बाहेर आली तेव्हा तो टेबलावर ठेवला होता. तिने पाहिला. केस पुसत राहिली.

"नोकरी मार्चमध्येच गेली, आई."

म्हटलं, बस. शेवया गार होतायत.

२२ मे

दोन्ही फोन दिवसभर कपाटात. पावलं शून्य, दोघींची. फांगने दोघींना बदाम दाबला.