ओढ्यातल्या माहेरवाशिणी

तीर्थस्वरूप काकासाहेबमामांना ज्ञानेश्वरीचा साष्टांग नमस्कार,

पुण्याची हवा मानवतेय ना? मामींचा गुडघा काय म्हणतो? नगरला तुमचा बंद बंगला मजेत आहे (निदान बाहेरून तरी). तुम्ही माझे व्हॉट्सॲप मेसेज उघडतच नाही, म्हणून हे पत्र.

मामा, बंगल्यामागचा ओढा आठवतोय ना, सीना नदीला मिळतो तो? पाऊस झाला की वाम माशांच्या माद्या अंडी घालायला सीनेतून वर येतात आणि पुलाखालच्या सिमेंटच्या बांधावर डोकं आपटून परत जातात. आम्ही कॉलेजच्या पोरांनी बांध फोडायची परवानगी काढली (खरंच काढली!). पण श्रमदानाला माणसं हवीत, म्हणून मी गल्लीतल्या बायकांना भाषण दिलं. सॅल्मन, अमेरिका, मायग्रेशन, सगळं. सगळ्या जांभया देत होत्या. शेवटी म्हटलं, जिथे जन्मल्या तिथेच जाऊन अंडी घालतात हो! तशा दूधवाल्या बायडाबाई उठल्या. "आगं, मग सरळ सांग की, बाळंतपनाला म्हायेरी चालल्यात! अन् वाटंत भिंत कुन्या मेल्यानं घातली?" पुढे मला बोलावंच लागलं नाही. बायका घरून पहारी घेऊन आल्या, दुपारपर्यंत बांध गेला. मी फोटो काढले.

खरी गंमत पुढेच आहे (गंमत म्हणावं का, माहीत नाही). माद्या वर आल्या आणि तुमच्या कंपाउंडच्या भिंतीशी थांबल्या. ओढा तिथे वळतो, त्या वळत नाहीत. भर उन्हात, शेकडो, सगळ्यांची तोंडं भिंतीकडे, वाहत्या पाण्यात जराही न हलता. कणीक टाकली, खात नाहीत. खडा टाकला, पळत नाहीत. गल्लीतली कुत्री काठावर रांगेत बसलीत, भुंकत नाहीत. बायडाबाई म्हणाल्या, तुझ्या मामानं डोह बुजवून बंगला बांधला, त्योच डोह ह्यांचं म्हायेर. आणि सगळ्याजणी माझ्याकडे बघायला लागल्या (माद्यासुद्धा, असं मला वाटलं). मामा, पाणी ओसरायच्या आत वाट मिळाली नाही तर सगळ्या तिथेच मरतील, पोटातल्या अंड्यांसकट.

बाकी सगळं क्षेम. मामींना नमस्कार.

तुमची लाडकी भाची,
ज्ञानेश्वरी

ता.क. भिंतीचा तेवढा कोपरा पाडू द्या ना. बागेत छोटा डोह खणू. प्लीज, मामा.

ता.क. २ पत्र टाकायला निघाले, तर भिंत पडलेली. कोणी पाडली, कोणीच सांगत नाही. ओढ्यात एकही वाम नाही, बागेतही नाही. बंगल्याची किल्ली लगेच पाठवा. आतून ओल्या फरशीवर चापट्या मारल्यासारखे आवाज येतायत.

ता.क. ३ किल्ली राहू द्या. बायडाबाईंनी तुमच्या दाराला कडुलिंबाचे डहाळे बांधलेत. बाळंतिणीची खोली आहे, सव्वा महिना कोणी आत जायचं नाही म्हणे, तुम्हीसुद्धा. सव्वा महिन्यानंतर बारशाला मात्र या. मामा म्हणून येताना झबली आणायची आहेत. किती, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही.