चौदा नंबरचं तळं

मंगळवार, १२ मे

प्रिय ताई,

नमस्कार. आम्ही इथे सगळे बरे आहोत. बाबांचे गुडघे आणि आईची जीभ, दोन्ही पूर्वीसारखंच चालू आहे. तूही बरी असशील असं धरून चालते.

ज्या तळ्यात मासाच नाही, तिथे माणूस गळ घेऊन का जातो? चार दिवस हा प्रश्न डोक्यात घोळतोय आणि मला उत्तर येत नाही. घरातली पहिली पदवीधर म्हणून आई सगळ्यांना माझं कौतुक सांगते, पण या एका प्रश्नात मी साफ नापास आहे.

पहिल्यापासून सांगते. अडतीस वर्षं कारखान्यात लेथ चालवून बाबा मार्चमध्ये निवृत्त झाले. जन्मभर रविवारी कालव्यावर गळ टाकून बसले, म्हणून मी ठरवलं की या वेळी त्यांना छोट्या तळ्यांच्या भागात न्यायचं. माहितीपत्रक मागवलं. तिथली सतरा तळी नंबरांनी ओळखतात. मी तक्ता केला : खोली, मासे, सावली, बसथांब्यापासून अंतर. हसू नकोस. तक्ता चांगला झाला होता.

बाबांनी एकेक तळं उडवायला सुरुवात केली.

"तीन नंबरला काठ उंच असणार."

"मग सहा?"

"तिथे गर्दी."

"नऊ नंबर? सगळ्यात जास्त मासे तिथेच आहेत."

"नऊ मला आवडत नाही."

"तुम्ही पाहिलंय कुठे?"

"आकडाच आवडत नाही."

शेवटी त्यांचं बोट चौदावर जाऊन थांबलं. म्हणे, इथे सावली बरी असेल. परवान्यासाठी मी फोन केला तर तिथला कारकून हसायलाच लागला. "परवाना देतो बाई, पण मासे तुमचे तुम्हीच घेऊन या. चौदात शेवाळ आणि बेडूक!"

बाबांना तसं सांगितलं. ते म्हणाले, "मला कुठे मोठा मासा हवाय?"

"लहानही नाही, बाबा."

"मग गर्दीही नसेल."

मी चिडले. आई भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "शिकलीस पुष्कळ, पण तुला कळत काही नाही."

रविवारी त्यांची पिशवी उचलून ठेवायला गेले तर उचलेना. वर दोरीची रिळं, गळांचा डबा, घडीचं स्टूल. खाली त्यांचे नट आवळायचे पाने. तोच संच, ज्याला लहानपणी आपण हात लावला की बाबा ओरडायचे. आठपासून बत्तीसपर्यंत सगळे, तेल लावून, प्रत्येक वेगळ्या फडक्यात गुंडाळलेला.

"मासेमारीला पाने कशाला, बाबा?"

"लागतात."

"कशाला पण?"

"नट सैल होतात."

"गळाला नट कुठे असतो?"

"तू तुझा तक्ता बघ."

म्हणून मी पुन्हा पत्रक बघितलं. चौदा नंबरखाली अगदी बारीक अक्षरात छापलंय : काठावर होड्यांची व इंजिनांची दुरुस्ती करून मिळेल. एवढं मोठं पत्रक मी चारदा वाचलं होतं, आणि तेवढी एक ओळ सोडून! तुझ्या शेवटच्या पत्राचं पाकीट मी शब्दकोशात ठेवलं होतं. पत्रं मी तुझ्या पोस्टपेटीच्या पत्त्यावर टाकते, म्हणून पाकिटामागचा तुझ्या शेडचा, चौदा नंबरचा शिक्का मी कधी वाचलाच नव्हता. गेल्या महिन्यात बाबांनी जन्मात पहिल्यांदा माझ्याकडे शब्दकोश मागितला. कुठला शब्द बघायचाय, विचारलं, तर म्हणाले, "सापडला."

तरी मला खात्री नाही. ते पाने तुझ्या हातात देतील, की दारात ठेवून मागे फिरतील? की सहा वर्षांपूर्वीचं सगळं पुन्हा ऐकवतील? की समोरच्या काठावर गळ टाकून नुसतं तुझ्या शेडकडे बघत बसतील आणि संध्याकाळच्या बसने परत येतील? यातलं काहीही होऊ शकतं. सरळ विचारायची माझी सवय तुला माहीत आहे. या वेळी तोंड उघडत नाही, आणि त्याचं कारण मात्र मला माहीत आहे.

ताई, तू कॉलेज सोडून इंजिनांच्या गॅरेजात जातेस, हे बाबांना, तुला वाटतं तसं, शेजारच्या शिंपीणकाकूंनी सांगितलं नव्हतं. मी सांगितलं. "परीक्षा होऊ दे, मग मीच बोलते, तोवर गप्प बस," असं तू मला बजावलं होतंस. पण बाबांनी जेवताना सहज विचारलं, ताईचा अभ्यास कसा चाललाय, आणि मी सोळा वर्षांची सत्यवादी, सगळं ओकून मोकळी झाले. "पदवी नको असेल तर हे घरही नको," असं ते तुला म्हणाले तेव्हा मी दाराआड होते. जाताना तू काकूंना जे बोललीस, तेही ऐकलं. काकूंनी ते निमूट गिळलं. अजून माझे कपडे त्याच उसवून-शिवून देतात. एका अक्षराने बोलल्या नाहीत.

तुझ्या वाटणीची पदवी मी घेतली, असं मला कधीकधी वाटतं. हे बरोबर आहे की नाही, तेही कळत नाही.

मी बरोबर आले तर काय होईल, ते मात्र कळतं. मी तुमच्या दोघांच्या मध्ये बसेन. कोणी गप्प झालं की मीच बोलेन, समजावून सांगेन, वेळ आली तर तक्ता काढेन. म्हणून काल दुपारी माझं तिकीट परत करून आले. रजेचा अर्जही मागे घेतला. रात्री बाबांना सांगितलं, साहेबांनी रजा नाकारली.

त्यांनी पिशवीची दोरी ओढून घट्ट बांधली. मग म्हणाले, "जाईन एकटा. गळ टाकायला पदवी लागत नाही." चेहऱ्यावर काय होतं, मला वाचता आलं नाही.

शनिवारी अकराच्या बसने ते तिथे उतरतील. पिशवी जड आहे, थांब्यापासून चढ आहे, आणि ते कोणाला हात लावू देणार नाहीत. तू बघून घे. मासे मिळाले का, एवढं मात्र विचारू नकोस.

आयुष्यात पहिल्यांदा ठरवून खोटं बोललेली,
तुझी सत्यवादी