गुत्त्याचा वारस

मी, चैत्राली धीरज सोहोनी, वय वर्षे चव्वेचाळीस, मूळ राहणार नाशिक, सध्या राहणार निशी-कसाई, टोकियो, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता आणि पूर्ण शुद्धीत लिहून ठेवत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. कोणाला शंका असेल तर त्याचे फोटो इस्पितळात आहेत. त्यांत डाव्या बाजूच्या एका रक्तवाहिनीला वाटाण्याएवढा फुगा आलेला दिसतो. तो वगळता मेंदू उत्तम आहे, असं डॉक्टर म्हणाले. त्यावर माझे पती धीरज यांनी, "उत्तम म्हणजे नक्की कसा?" असं विचारलं. त्याची मी नोंद घेतली आहे.

फुगा सापडला तोही सवलतीत. धीरजच्या कंपनीच्या वार्षिक तपासणीत या वर्षी बायकोचा मेंदू निम्म्या दरात तपासून मिळत होता. येत्या मंगळवारी शस्त्रक्रिया आहे. बहुधा मी परत येईन. पण 'बहुधा'वर यीस्ट जगत नाही, म्हणून हा खटाटोप.

हा कागद वकिलाकडून करून घेतलेला नाही. मुख्य मालमत्ता कोणती हे ऐकून त्याला पेन खाली ठेवावं लागलं असतं. या देशात परवान्याशिवाय घरी एक टक्क्याहून जास्त अल्कोहोलचं पेय बनवता येत नाही. तेव्हा एकदाच लिहिते की पुढे उल्लेख येणारी सगळी बिअर आणि सगळं मीड, म्हणजे मधाची दारू, एक टक्क्याच्या आतलं आहे. ते पिऊन आमचा मित्र नीलकंठ रायकर जिन्यात बसून रडला आणि त्याने आपल्या पीएचडीच्या गाईडला मोठ्याने माफ केलं, हा निव्वळ योगायोग समजावा.

१. राहतं घर भाड्याचं आहे. त्याची वाटणी मी करू शकत नाही. कपाटाच्या आतल्या फळीवरचे गोल डाग मात्र माझे आहेत. घर सोडताना धीरजने ते चहाचे म्हणून सांगावेत.

२. माझी बचत, नाशिकच्या फ्लॅटमधला माझा हिस्सा आणि दागिने माझी मुलगी ओजस्वी हिला द्यावेत. पाटल्या मोडून गिटार घेऊ नये. कानातले मोडून घेतली तरी चालेल, ते मलाही कधी आवडले नव्हते.

३. धीरजला माझी पुस्तकं, माझी सायकल आणि एक दुरुस्ती. अकरा मार्च दोन हजार अकराच्या भूकंपाबद्दल तो गेली आठ वर्षं प्रत्येक दिवाळीच्या फराळाला एक गोष्ट सांगत आला आहे. ओतेमाचीच्या ऑफिसमधून दोन नद्या ओलांडून तो पायी घरी आला आणि दार उघडून पाहतो तर बायको जमिनीवर, काचेच्या मोठ्या बरणीला मिठी मारून बसलेली. "पोरगी शेजारी वेफर्स खातेय आणि हिच्या कुशीत दारू!" लोक हसतात. मीही हसते. पण कागदावर खरं राहावं म्हणून लिहिते की मी आधी शाळेत धावत गेले, पहिलीतल्या ओजस्वीला पिवळ्या टोपीसकट घरी आणलं, टेबलाखाली बसवलं, आणि मग बरणी धरली. धक्के थांबत नव्हते. बाकीच्या बरण्या फुटून घरभर काचा झाल्या होत्या. धीरजचा फोन लागत नव्हता. काहीतरी धरून बसायला हवं होतं. गोष्ट सांगायला माझ्यामागेही हरकत नाही, फक्त हा क्रम पाळावा.

४. त्या बरणीतल्या मीडच्या उरलेल्या बाटल्या ओजस्वीच्या. विसाव्या वर्षाआधी उघडू नयेत. पहिली बाटली बाबांसमोर उघडावी, म्हणजे त्यांना गोष्ट सांगता येईल. रिकाम्या बाटल्या धुऊन, बुचं वेगळी करून, काचेच्या वारीच कचऱ्यात ठेवाव्यात. भरलेल्या बाटल्या कोणत्याही वारी ठेवू नयेत. हे मुद्दाम लिहिते, कारण आमची कन्या नीटनेटकी आहे.

५. बिअरची पातेली, नळ्या, बुचं लावायचं यंत्र आणि गोडी मोजायची काचेची नळी ही नीलकंठ रायकर यांस. ते यीस्टवर संशोधन करतात आणि त्याच्या जोरावर माझ्या सर्वांत चांगल्या मीडला त्यांनी दहापैकी सहा गुण दिले. शेरा होता, "ओल्या घोंगडीचा वास." तो कुट्टूच्या फुलांच्या काळ्या मधाचा वास होता आणि घोंगडी त्यांनी जन्मात पांघरलेली नाही.

६. आता मुद्द्याचं. फ्रिजमध्ये मिसोच्या, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या, डब्यामागे एक लहान बरणी आहे. तिच्यात भूकंपातून वाचलेल्या मीडचा साका आहे, म्हणजे तळाला बसलेलं यीस्ट. त्यानंतरची माझी प्रत्येक बिअर आणि प्रत्येक मीड त्याच्यावर झालं. ते जिवंत आहे. त्याला वरचेवर मधाचं पाणी द्यावं लागतं. माझ्यामागे हे कोण करणार, हा प्रश्न मला फुग्यापेक्षा जास्त छळतो आहे. धीरजने आजवर तीन तुळशी आणि एक निवडुंग मारला. ओजस्वीला विचारलं तर ती "किमोई" म्हणाली. जपानीत याचा अर्थ किळसवाणं. नीलकंठ म्हणतो, "दे मला, प्रयोगशाळेच्या फ्रीझरमध्ये उणे ऐंशीला ठेवतो, तुझी नातवंडं म्हातारी होतील तरी राहील." गोठून राहणं म्हणजे जगणं नव्हे. पण दुसरं कोणी नाही, म्हणून बरणी नाइलाजाने त्यालाच.

७. माझ्या सासूबाई, सरोजिनी दत्तात्रय सोहोनी, सासरे गेल्यापासून आमच्याकडे असतात. त्यांना माझ्याकडून काही नको असतं, हे त्यांनी वेळोवेळी ऐकवलं आहे. माझ्या कपाटाला त्या गुत्ता म्हणतात आणि पाहुण्यांनाही तसंच सांगतात. एका ऑगस्टमध्ये त्या कपाटात माझ्या बिअरच्या बाटल्या एकामागोमाग फुटल्या. भूकंप समजून ओजस्वी टेबलाखाली शिरली, तिच्यामागून सासूबाई. धीरजने टीव्ही लावला, तर बातमी नाही. तेव्हा टेबलाखालून सासूबाईंचा आवाज आला, "अरे, या भूकंपाला बिअरचा वास येतोय." तेव्हापासून तो विषय आम्ही टाळतो. त्यांना काही ठेवलेलं नाही. ज्याला काही मिळणार त्याने साक्षीदार होऊ नये असा संकेत असल्याने साक्षीदार म्हणून त्यांच्याइतकं योग्य माणूस नाही.

इथवर लिहून मी सासूबाईंना आणि खालच्या मजल्यावरच्या जयंतीताई मोरिता यांना सहीसाठी बोलावलं. पुढे जे झालं ते मृत्युपत्राचा भाग समजावं.

सासूबाईंनी चष्मा लावून सगळं वाचलं.

"मला काही नको, असं मी कधी म्हटलं?"

"नेहमीच म्हणता, आई."

"साड्या नकोत म्हटलं होतं. या वयात साड्या काय करू?"

जयंतीताई म्हणाल्या, "काकू, सही करा ना. माझी करी गॅसवर आहे."

"साक्षीदाराला काही मिळत नाही ना?"

"नाही."

"मग मी सही करणार नाही." त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "मला ती बरणी हवी. मिसोच्या मागची."

मला वाटलं, चुकून आंब्याचं लोणचं म्हणतायत.

"तू वडिलांच्या आजारपणात महिनाभर नाशिकला होतीस," त्या म्हणाल्या, "तेव्हा ती कोणी सांभाळली?"

"ते आपलं तगलं."

"आपलं तगलं म्हणे! विरजण आपलं तगतं का कधी? वरचं पाणी ओतून टाकायचे, मधाचं पाणी उकळून, गार करून घालायचे. झाकण सैल ठेवायचे. घट्ट लावलं की काय होतं, ते मी टेबलाखाली बसून पाहिलंय."

त्या महिन्याच्या उपासावर नीलकंठने प्रयोगशाळेत सर्वांना सांगितलं होतं की चैत्रालीच्या यीस्टमध्ये विलक्षण सहनशक्ती आहे. ते विधान त्याने मागे घ्यावं.

"तुम्ही चाखलंत?" मी विचारलं.

"सांभाळणाऱ्याला चाखावं लागतं. घोंगडी कसली? गूळ करपतो तसा वास आहे तो."

जयंतीताईंची करी बहुधा लागली होती, पण त्या उठल्या नाहीत.

मी म्हटलं, "पण आई, तुम्ही सत्त्याहत्तरच्या. वारस माझ्याहून तेहतीस वर्षांनी मोठा कसा चालेल?"

"मग तू घाई करू नकोस."

एवढं बोलून त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि फ्रिजचं दार उगाच उघडून उभ्या राहिल्या. मी गेले नाही. आमच्यात तशी पद्धत नाही. थोड्या वेळाने त्या तिथूनच म्हणाल्या, "आणि दिली असं लिहू नकोस. विरजण देत नाहीत, उसनं देतात. तसं लिही."

पुरवणी. कलम पाच, सहा आणि सात रद्द. खोडलेल्या जागी माझ्या नावाचा शिक्का मारला आहे. बरणी, पातेली, नळ्या, यंत्र, काचेची नळी, म्हणजे अख्खा गुत्ता, सरोजिनी दत्तात्रय सोहोनी यांच्याकडे उसना राहील. मी परत आले तर मागून घेईन. न आल्यास मुदत त्यांनी ठरवावी.

वरील बदलामुळे नीलकंठ रायकर यांना आता काहीच मिळत नाही. ते साक्षीदार होण्यास पात्र ठरले, म्हणून त्यांना संध्याकाळी बोलावून घेतलं. वाचून ते म्हणाले, "काहीच नाही? निदान चमचाभर साका?" सासूबाई म्हणाल्या, "घोंगडीचा वास येतो ना? मग कशाला हवा?" त्यांनी सही केली.

हा मजकूर मी स्वतःच्या हाताने लिहिला, पुन्हा वाचला आणि मला मान्य आहे.

ठिकाण: निशी-कसाई, टोकियो
दिनांक: ९ नोव्हेंबर २०१९, शनिवार

(सही व शिक्का)
चैत्राली धीरज सोहोनी

साक्षीदार:
जयंती मोरिता
नीलकंठ रायकर (सहा गुण मागे घेतलेले नाहीत)

वारसाची सही लागत नाही, असं दोनदा सांगूनही:
सरोजिनी दत्तात्रय सोहोनी
उसनं घेतलं. मागायला येणे.