पंधरांपैकी दोन

नरपड, ता. ९ फेब्रुवारी १९६१

चि. बकुळा हिस महादेवकाकाचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

म्हातारपणी स्मरण किती टिकते याचे तुझे बेचाळीस तक्ते भरून रवाना केले आहेत. प्रत्येकाला ओटीसमोर बसवले, कागदावरचे पंधरा शब्द वाचले, घड्याळ लावून एक मिनिट थांबलो आणि म्हणायला लावले. सेकंदाचा फरक नाही. सातवी पास माणसाचे काम तुझ्या प्रोफेसरांनी खुशाल भिंग घेऊन तपासावे! सर्वांत कमी नवशीचे, पंधरांपैकी दोन. तलासरीहून आपल्या चिकूवाडीत गवत कापायला येते, तीच. चिमण दिवाणजी बसले होते, त्यांना दाखवले तर थक्क झाले. आकडा उतरूनही घेतला.

पोच लगेच दे. इकडची माया तू जाणतेसच.

महादेवकाका

बडोदे, ता. १४ फेब्रुवारी

तीर्थरूप काकांच्या सेवेशी, बकुळाचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

तक्ते पोचले. अक्षर पाहून प्रोफेसर खूश. यावर माझा पहिला निबंध छापू म्हणतात. पण काका, तक्ता कोणाला दाखवायचा नाही असे मी पहिल्याच ओळीत लिहिले होते ना? दिवाणजींचे मालक नवशीच्या मुलाला, शुक्राला, कूळ मानत नाहीत, नुसता मजूर होता म्हणतात. जमीन कोणी कसली ते मामलेदारांपुढच्या सुनावणीत सांगणारी एकटी नवशीच. तो आकडा तिकडे गेला तर?

शिवाय दोन मला पटत नाही. लहानपणी मी कोणत्या झाडावरून पडले ते ती अजून सांगते. तिच्या घरी जाऊन विचाराल?

रागवा, पण पत्र पाठवा.

आपली बकुळा

नरपड, ता. २२ फेब्रुवारी

चि. बकुळा हिस आशीर्वाद, वि. वि.

तुझी भीती खरी ठरली. मालकांचा वकील तो आकडा ३ मार्चला मामलेदारांपुढे ठेवणार. बडोद्याच्या शास्त्रानेच म्हातारीला विसरभोळी ठरवली, असे चिमण बाजारभर सांगत फिरतो आहे.

काल तलासरीला गेलो. शुक्राने तोंड फिरवले. नवशीने मात्र सांगितले, की तिच्या सासऱ्याला असाच कागद वाचून दाखवला होता; तो मागोमाग बोलला, ते कबुली म्हणून धरले आणि शेत गेले. तेव्हापासून त्यांच्या पाड्यात कागदावरचे कोणी परत उच्चारत नाही. माझा मान राखायला म्हणून दोन शब्द बोलली होती, एवढेच. मग मला कागद खिशात घालायला लावून चौदा शब्द धडाधड म्हटले. इतक्या दिवसांनी!

तक्ता रद्द, असे प्रोफेसरांच्या सहीने पाठव. कोणी भरला ते लिहायची गरज दिसत नाही.

घाई कर. सुखरूप अस.

महादेवकाका

बडोदे, ता. २६ फेब्रुवारी

तीर्थरूप काकांस शि. सा. नमस्कार.

प्रोफेसर सही करत नाहीत. एकीला कागदाची भीती होती तर बाकीच्यांना नव्हती कशावरून, असे विचारतात. म्हणून मीच बेचाळीसही तक्ते मागे घेतले. निबंध राहिला, वर्ष गेले. तसे माझ्या सहीने लिहून सोबत धाडले आहे. आपले नावही घातले आहे. निनावी कागद वकील एका फुंकरीत उडवील. आपल्यालाच उभे राहावे लागेल.

एवढे कराच. मुलगी मानता म्हणून लिहिते.

बकुळा

नरपड, ता. ४ मार्च

चि. बकुळा हिस अनेक आशीर्वाद, वि. वि.

उभा राहिलो. वकिलाने शिक्षण विचारले. सातवी म्हटल्यावर चिमण सगळ्यांत मोठ्याने हसला. चाळीस वर्षे ज्या पंचक्रोशीत लोक मला विचारून काम करतात, तिथेच सांगितले की घड्याळ बरोबर होते, माझे माप चूक होते. बाईने कागदाच्या भीतीने तोंड मिटले, ते मी विसरणे म्हणून मांडले.

मामलेदारांनी आकडा बाजूला सारला. कारकुनाला नवशीच्या पाठीमागे लिहायला बसवले आणि स्वतः रिकाम्या हाताने विचारले. तिने नवऱ्याच्या पहिल्या नांगरापासून शुक्रापर्यंत साल धरून सांगितले, नागली कुठे, भात कुठे. वकिलाने तीनदा उलटे विचारले, तीनदा तेच. निकाल मागाहून आहे, पण जबानी नोंदली गेली. बाहेर आल्यावर ती मला ओलांडून शुक्राबरोबर तलासरीच्या वाटेला लागली.

राहिलेल्या एकेचाळिसांकडे सोमवारपासून जातो. त्यांच्या दारात बसेन, कागद नेणार नाही. त्यासाठी तुझे पंधरा शब्द पाठ करायला घेतले आहेत. आज तिसरा दिवस. नऊ येतात.

तुझा,
महादेवकाका