शेजार नसलेलं गाव

प्रिय आई,

तुम्हाला पत्र लिहायचं माझ्या डोक्यातही नव्हतं. तुम्ही होतात तेव्हा आपण दोघी एकाच घरात, एकाच कूलरसमोर. पत्र कसलं लिहायचं? पण आज जे झालं ते कोणाला तरी सांगायला हवं. फोनवर तुमच्या चिरंजीवांना सांगितलं तर ते "बरं" म्हणतील आणि पाण्याची मोटर चालू होतेय का ते विचारतील. म्हणून तुम्हालाच लिहायला बसले. सून सासूला पत्र लिहिते म्हटल्यावर तुम्ही तोंडाला पदर लावून हसला असतात. हसा.

आधी एक सांगून टाकते. मी तो गेम कालपर्यंत खेळत होते. तुमच्यानंतर तर जास्तच खेळले.

आठवतं का, पहिल्यांदा तो तुम्हाला समजावून सांगताना माझी किती तारांबळ उडाली होती? टॅली शिकायला म्हणून ह्यांनी कॉलेजातला जुना लॅपटॉप मला ठेवला, आणि त्यात तो गेम निघाला. मी सांगितलं की सगळीकडे बर्फ आहे, मधे एक मोठी भट्टी, तिच्याभोवती गोल घरं. लोकांना कोळसा खणायला लावायचं, सूप शिजवायचं, आणि थंडी वाढत गेली की कोणाचं काय कमी करायचं ते आपण ठरवायचं. जिंकणं वगैरे काही नाही. गाव टिकेल तेवढं टिकवायचं. तुम्ही सगळं नीट ऐकून घेतलंत आणि विचारलंत, "मंग हाऊ खेळ कसाना शे?"

कसला खेळ ते मला तेव्हाही सांगता आलं नाही. आता तर विचारूच नका.

पण बसायच्या मात्र रोज! भांडी झाली की खाटेवरून उतरून माझ्या शेजारी सतरंजीवर. बाहेर शहाद्याचं ऊन, गल्लीत कुत्रंसुद्धा नाही, आणि तुम्ही दोन्ही खांद्यांवरून पदर घेतलेला. का, तर स्क्रीनवर बर्फ पडतोय! मामंजी मोलगीच्या वर सातपुड्यात, डाबला मास्तर होते, तिथे गवतावर बर्फ धरायचा, त्या हिवाळ्याच्या गोष्टी तुम्ही सांगायच्या आणि वर म्हणायच्या की डाबलाही इतकी थंडी नव्हती. मी घाम पुसत ऐकायचे.

त्या लोकांची इंग्रजी नावं काही तुमच्या तोंडात बसली नाहीत. उंच टोपीवाला खाणकामगार तुमचा दगडू झाला. काठी टेकत चालणारी म्हातारी ठकूमावशी झाली. मी कोळशाच्या विवंचनेत, आणि तुमचं आपलं मागून, ठकूमावशीले सूप भेटनं का? भेटनं हो, भेटनं! मी वैतागून सांगायचे. खरं म्हणजे मी तिला मुद्दाम आधी द्यायचे. तुम्ही विचारणार हे ठाऊक असायचं.

आणि तो दिवस. मी दळण आणायला गेले होते. गेम चालूच ठेवला, कोळसा कमी झाला तर भट्टी घटकाभर बंद करायचं बटण तुम्हाला दाखवून ठेवलं. परत आले तर स्क्रीन पांढरीफटक. एकही माणूस हलत नव्हता. अख्खं गाव गारठून मेलेलं, आणि तुम्ही हात मांडीवर ठेवून शांत बसलेल्या.

खाणीत दगडू गेला होता. इंग्रजी तुम्हाला वाचता येत नव्हतं, पण काळ्या फितीचं चित्र कळलं. मग तुम्ही काय केलंत, तर उठून भट्टीच बंद केलीत! मी डोक्याला हात लावला. किती दिवसांची मेहनत होती माझी! तर तुम्ही मलाच समजावलंत, "मयतना घरमा चुल्हा पेटस का?"

मी म्हटलं, अहो आई, ती भट्टी आहे, चूल नाही. ती विझली की सगळे मरतात. मग म्हणालात, "मंग भाकर लिसन कोनी का उनं नही?"

भाकरी घेऊन कोण येणार? मी तुम्हाला नकाशा दाखवला. चारी बाजूंनी बर्फ, दुसरं गावच नाही त्या गेममध्ये. तुम्ही तोंड वाकडं केलंत. शेजारच नही तं ते गाव कसानं, म्हणालात, आणि चहा टाकायला उठलात.

मी हसत सुटले होते. ह्यांना फोन करून सांगितलं, ह्यांनी सुरतेच्या कारखान्यात सगळ्यांना सांगितलं. तुम्हाला ते कळलं तशा तुम्ही फुगून बसलात. स्क्रीनकडे बघायचंही नाही! मग एका दुपारी भिंतीकडे तोंड करूनच विचारलंत, नव्या गावात ठकूमावशी आहे का. आहे म्हटल्यावर उतरलात खाली.

माघातली ती दुपार लिहायची नव्हती. पण लिहिते. तुम्ही म्हणालात जरा पडते. मी तुमच्याकडे पाठ करून खेळत होते आणि बोलतही होते. आई, आज कोळसा पुरला. आई, ठकूमावशीला भट्टीजवळचं घर दिलं. तुमचं "हं" आलं नाही. डोळा लागला असेल म्हणून मी आवाज कमी केला. चहाच्या वेळेला हाक मारली. मग हात लावला.

डॉक्टर म्हणाले झोपेतच गेल्या, कोणाच्या हातात काही नव्हतं. मीही येणाऱ्या-जाणाऱ्याला तेच सांगितलं. पण आई, एक हाक मारता आली नाही का हो तुम्हाला? नुसतं भारती म्हणायचं. मी दोन हातांवर होते.

मी रडले नाही. बायका बघत होत्या. तुमच्या नणंदबाई माझ्या माघारी बोलल्याही की सुनेच्या डोळ्यात टिपूस नाही. राग यायला हवा होता, तोही आला नाही. खरंच काही वाटत नव्हतं. आलेल्याला पाणी द्यायचं, गेलेल्याच्या मागे दार लोटायचं.

आपली चूल बंद होती, पण त्या दिवसांत घरात जेवण कमी पडलं नाही. तुमच्या भावकीतून पिठलं-भाकरी आली, मागच्या गल्लीतून वरण-भात. समोरच्या गादीवाल्यांच्या चाची तर रोज यायच्या. त्यांचा तो स्टीलचा डबा, वर खिचडी, खाली डाळ. चाचा कापूस पिंजायचं सोडून दारापर्यंत त्यांच्याबरोबर यायचे आणि बाहेरच उभे राहायचे. मी डबा घ्यायचे, दुसऱ्यांना वाढायचे. मी काय खाल्लं ते आठवत नाही.

तेराव्याला आचारी आला, त्याने अंगणात चूल मांडली. म्हणजे आपली शेगडी त्याही दिवशी पेटली नाही. दुसऱ्या दिवशी पाहुणे गेले, हे सुरतेला गेले. मी शेगडीसमोर उभी राहिले. कोणासाठी पेटवायची? पुन्हा हॉलमध्ये येऊन बसले.

लॅपटॉप उघडला तर गाव तिथेच थांबलेलं. मी त्या दुपारी उठताना थांबवलं होतं तसंच. एकाचा पाय उचललेला, एकीच्या हातात भांडं, ठकूमावशी दारात. ती माणसं तशी ताटकळलेली बघवेनात, म्हणून चालू केलं. मग चालूच राहिलं.

जेवायचं म्हणाल तर बिस्किटं, शेव-मुरमुरे, कधी खानावळीची पोळी-भाजी. चहासुद्धा टपरीवरून, पिशवीत. तुम्ही पाहिलं असतं तर काय काय बोलला असतात! बोलायला पाहिजे होतं तुम्ही. चाचींचा डबा घासून ओट्यावर पालथा घातलेला. तुम्हीच शिकवलंत, शेजारणीचा डबा रिकामा परत जाऊ द्यायचा नाही, काही नसेल तर मूठभर साखर घाल. साखर होती घरात. पण मला उठून ती घालता येईना. रोज डबा दिसायचा आणि रोज मी दुसरीकडे बघायचे.

गेममध्ये मात्र ठकूमावशीला काही कमी पडू दिलं नाही. सगळ्यांचं सूप पातळ केलं, तिचं नाही. भट्टीजवळची जागा तिची. बाकीची माणसं मरायची, काळी फीत यायची, खाली लिहिलेलं असायचं की कामावर परिणाम किरकोळ. मी वाचायचे आणि बंद करायचे.

हे दर शनिवारी येतात. खमण आणतात, लोचो आणतात. पहिल्यांदा नुसतं शेगडीकडे बघितलं. नंतर म्हणाले, घराला कुलूप लावू, तू चल सुरतेला. मी हं म्हटलं. भारती, तू जेवत नाहीस, असंही म्हणाले. त्यालाही मी हं म्हटलं. मग ते अंगणात जाऊन बराच वेळ तुमच्या तुळशीला पाणी घालत होते. ती बिचारी बुडायला आली होती.

काल ठकूमावशी गेली. गरम घर होतं, पोटभर सूप होतं, तरी गेली. गेममध्येही म्हातारपण असतं हे मला माहीत नव्हतं. माझा हात भट्टीच्या बटणाकडे गेला. मग वाटलं, कशाला? इथे कोण येणार आहे भाकरी घेऊन? मी गाव थांबवून ठेवलं आणि झाकण लावलं.

आणि आज सकाळी समोरून रडण्याचा आवाज आला. चाचा गेले, आई. पहाटे नमाज पढून आले, गादीवर टेकले, तिथेच.

मी गेले. उंबऱ्याशी उभी राहिले. चाची मधे बसलेल्या, भोवती बायका. मला आत शिरता येईना, आणि तिथून त्यांचं स्वयंपाकघर दिसत होतं. शेगडी पुसलेली, गार. दुधावर झाकण. आणि परातीत अर्धवट मळलेली कणीक तशीच, बोटांचे ठसे उमटलेले. मी त्या कणकेकडे बघत राहिले. तुमचं बोलणं अगदी तुमच्या आवाजात कानात आलं. भाकर लिसन कोनी का उनं नही?

मी घरी आले. पीठ उघडलं तर कडू झालेलं. ज्वारी पिशवीत भरली आणि गिरणीवर गेले. गिरणीवाल्याला गल्लीतली बातमी कळली होती. त्याने लोकांचे डबे बाजूला सारून माझं दळण आधी घातलं.

शेगडीवर कोळ्याने जाळं केलं होतं, ते पुसलं. लायटर लागेना. देवघरातली काडेपेटी आणली. पेटली, आई. एवढंच. पहिली भाकरी थापताना मोडली, दुसरी करपली, मग हाताला आठवलं. मुगाची खिचडी टाकली. चाचींचा डबा धुतलेलाच होता, पुन्हा धुतला, आणि भरला.

पुरुष दफन करून आले तशी मी घेऊन गेले. चाचींसमोर ठेवला. त्यांनी आधी डबा ओळखला. मग झाकण काढून वाफ बघितली. मग माझ्याकडे बघितलं.

"तूने खाया क्या, भारती?"

सकाळी नवरा गेलेली बाई, आणि विचारते काय, तर तू जेवलीस का! मी नाही म्हणून मान हलवली. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, खिचडीत दाबला आणि माझ्या तोंडात घातला. मी चावला. मीठ कमी पडलं होतं. आणि मग मला जे रडू फुटलं! आई, मी तिथेच बसले, सगळ्यांच्या देखत, मोठमोठ्याने. चाचांसाठी आलेल्या बायका मला धरत होत्या. त्यांना वाटलं शेजारीण किती माया करायची चाचांवर. करत होतेच. पण मी आई, आई म्हणत होते. चाचींना कळलं. त्यांनी माझं डोकं मांडीवर घेतलं आणि त्याही रडल्या. मग आम्ही दोघींनी त्याच डब्यातून खाल्लं. मला भूक लागली होती, आई. केव्हाची लागली होती.

घरी येऊन लॅपटॉप उघडला. ती माणसं अजून थांबलेली. त्या गावाला शेजार कुठून आणून देऊ मी? तुम्ही तेव्हाच बरोबर बोलला होतात, आणि आम्ही नवरा-बायको हसत बसलो. गाव बंद केलं.

आता वचन देते, ऐका. उद्या चाचींकडे दुपारचं जेवण त्यांच्या भावकीतून नाही, आपल्याकडून जाणार आहे, मी सांगून आले. परवाचं मागच्या गल्लीने घेतलंय. आणि पुढेही, या गल्लीत ज्या दिवशी कोणाची चूल गार असेल, त्या दिवशी आपली पेटलेली असेल. घराला कुलूप लावायचं की नाही ते ह्यांच्याशी बोलेन. हं म्हणणार नाही, बोलेन.

शनिवारी हे आले की सांगणार आहे, बाहेरून काही आणू नका. ज्वारीत उडीद घालून दळून आणते, कळण्याची भाकरी करते.

तुमच्या चुलीपाशी बसलेली,
भारती